सुताचा नेम

श्रावणी पौर्णिमेला, किंवा तिच्या आगेमागे, श्रीवर्धनात सुताचे तीन व्यवहार एकदम चालतात. कोळीवाड्यात दुरुस्त केलेली जाळी होड्यांवर चढलेली असतात आणि दर्याला नारळ अर्पण होतो. घराघरांत बहिणी भावाच्या मनगटाला राखी बांधतात. ब्राह्मण आळीत श्रावणी होते: जुनं जानवं उतरतं, नवं गळ्यात येतं आणि जुनं पाण्यात सोडलं जातं. धागा पोट भरतो, नातं बांधतो आणि देवाकडे जायची वाट असल्याचंही सांगतो. या तिसऱ्या व्यवहाराकडे कारागिरी म्हणून फारसं कोणी पाहत नाही. तो धर्माच्या खात्यात जमा झाला आणि तिथेच राहिला.

श्रीवर्धन हे मागाचं गाव म्हणून कधी ओळखलं गेलं नाही. त्याची ओळख सुपारीची, तीही श्रीवर्धनी रोठ्याची, आणि भटांच्या घराण्याची. या घराण्यातले बाळाजी विश्वनाथ 1713 साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. कोकणच्या पावसात कापसाचं पीक तग धरत नाही, त्यामुळे कापूस घाटावरून यायचा. तरी नारळी-पोफळीच्या वाडीत, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या कडेला देवकापशीचं एखादं झाड जपलेलं असायचं. ते वर्षानुवर्षं जगतं आणि त्याची बोंडं हाताने वेचतात. हा कापूस बाजारात जात नसे. त्याच्या वाती होत, देवाची वस्त्रं होत, आणि जमलं तर जानवं होई.

किनाऱ्याने उत्तरेला गेलं की चौल लागतं. तिथे मात्र एके काळी मागांचा खडखडाट होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल चौलच्या रेशमाचं भरभरून वर्णन करतो. गोव्याची गरज भागवून ते दूरवर जात असे. पुढे इंग्रजांनी मुंबई वसवली तेव्हा चौलच्या विणकरांना तिथे आणून बसवण्याची खटपट झाली. बंदर गाळाने भरत गेलं, सत्ता बदलल्या आणि माग हलले. या पट्ट्यात बाजारासाठीचं विणकाम ओसरलं आणि नेमासाठीचं सूत तेवढं उरलं. ते ज्या हातांनी टिकवलं ते हात विणकर म्हणून कोणत्याच खानेसुमारीत मोजले गेले नाहीत.

जानवं कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी सरकी काढायची, मग कापूस पिंजून त्याचे पेळू वळायचे. टकळी म्हणजे एक सरळ काडी आणि तिच्या खालच्या टोकाशी वजनाची चकती. उजव्या हाताच्या चिमटीने काडीला गिरकी द्यायची आणि डाव्या हातातल्या पेळूतून तंतू सुटू द्यायचे. हात घाईने वर गेला तर सूत तुटतं, रेंगाळला तर गाठाळ होतं. सूत पुरेसं झालं की डाव्या हाताची चार बोटं जुळवायची आणि त्यांच्याभोवती ते शहाण्णव वेढे गुंडाळायचं. असे शहाण्णव वेढे, म्हणजे चौवे, भरले की त्याचे तीन पदर करून पीळ द्यायचा. तो पीळ पुन्हा तिहेरी करून उलट दिशेने वळायचा. असे नऊ तंतू झाले की एकेका तंतूवर एकेक देवता बसते: ओंकार, अग्नी, नाग, सोम, पितर आणि पुढच्या. शेवटी ब्रह्मगाठ.

शहाण्णवच का, याचा हिशेब जुन्या याज्ञिकांनी मांडून ठेवला आहे. पंधरा तिथी, सात वार, सत्तावीस नक्षत्रं, पंचवीस तत्त्वं, चार वेद, तीन गुण, तीन काळ आणि बारा महिने यांची बेरीज शहाण्णव भरते. बेरीज मागाहून जुळवलेली असेल, तरी कल्पना मोठी आहे. सगळं कालचक्र आणि सगळी तत्त्वं चार बोटांच्या रुंदीत मोजून अंगावर घ्यायची, आणि तीही वर्षभराने पाण्यात सोडण्यासाठी.

पण हा धागा सगळ्यांचा नव्हता, हे इथेच स्पष्ट लिहायला हवं. तो कोणाच्या गळ्यात पडायचा आणि कोणाच्या नाही, यावर माणसाचा पाणवठा, पंगत आणि शिक्षण ठरत होतं. श्रीवर्धन ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात महाड आहे. तिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन केलं. हे सूत नाकारलेल्यांपैकी ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांच्या ओंजळीला पाणीही नाकारलं गेलं होतं. काशीचा कबीर तर हाडाचा विणकर. जन्मभर मागावर बसून त्याने जानव्याच्या या मिरवणुकीला धारेवर धरलं, आणि देहालाच चादर म्हणून ती कशी विणली, कशी वापरली, कशी परत केली ते सांगितलं. ताणा-बाणा हे शब्द महाराष्ट्रातल्या कित्येक कानांत आज कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांमधूनच राहिले आहेत. तेव्हा श्रावणीच्या सुतातली कारागिरी वाखाणताना त्याने आखलेली कुंपणं विसरता येत नाहीत. जानव्याच्या नऊ तंतूंत एक शोध आहे आणि एक मज्जावही आहे.

त्याच घराच्या माजघरात मात्र आणखी एक सूतकाम चालू असे, आणि त्याला मंत्र लागत नव्हता.

वाती. निरांजनाला फुलवात, समईला तेलवात, त्रिपुरी पौर्णिमेला त्रिपुरवात. देवाला वाहायची वस्त्रमाळ आणि गेजवस्त्रं वेगळी. दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली की बायका पाटावर किंवा भिंतीला टेकून बसत. समोर कापसाचा पुंजका आणि वाटीत चिमूटभर राख. राख बोटांना लावली की कापूस निसटत नाही. फुलवातीला कापूस तळव्यावर पसरून त्याच्या कडा वर गोळा करायच्या आणि टोकाला दुधाचा थेंब लावून पीळ द्यायचा. चांगली फुलवात तुपात बसली की कलत नाही. तेलवातीला तंतू लांब ओढून मांडीवर किंवा पोळपाटावर वळायचा आणि मग दुहेरी करायचा. जिचा हात बसलेला तिची प्रत्येक वात सारख्या जाडीची. हा सारखेपणा शिकवून येत नाही, तो बसून बसून येतो.

यातलं सगळ्यात मोठं व्रत लाखवातीचं. एक लाख वाती स्वतःच्या हातांनी करायच्या आणि उद्यापनाला देवापुढे लावायच्या. चातुर्मासाचे साधारण एकशे वीस दिवस धरले तर रोजच्या आठशेहून जास्त वाती झाल्या. आजारपण, बाळंतपणं, पाहुणे हे सगळं त्यातच. मोजायची पद्धत घरोघर वेगळी असली तरी मोजताना प्रत्येक वातीला नाव घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी सारखंच. बोटांचं काम, आकडा आणि नाव ही तिन्ही एका लयीत आली की मनाला भटकायला जागा उरत नाही. जपमाळ ओढणाऱ्याला हेच साधायचं असतं. फरक इतकाच की जपमाळेत मणी तेच राहतात, इथे प्रत्येक मोजणीला एक नवी वस्तू जन्माला येते.

जुन्या घरांतल्या विधवा स्त्रियांच्या वाट्याला हे काम विशेष येई. मंगलकार्यात त्यांना पुढे येऊ न देणारं घर देवाच्या वाती मात्र त्यांच्याकडूनच वळून घेई. वेद त्यांना बंद आणि पूजेचा मानही नाही. तरी देवघरातला उजेड त्यांच्या बोटांतून जात होता. या अन्यायाला भक्तीचा मुलामा देण्याचं कारण नाही. तरी त्या दुपारी त्यांनी केलं ते नुसतं वेठीचं काम होतं असं म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून उरलेली शेवटची गोष्टही काढून घेणं आहे. देवाचा शोध घ्यायला त्यांच्यापाशी होता तो कापूस आणि दहा बोटं. त्यांनी ती पूर्ण वापरली.

याच आकड्याची, लाखाची, एक गोष्ट विनोबांच्या आठवणींत आहे. विनायक नरहरी भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातला. बालपणीची काही वर्षं गागोद्याला काढून ते वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला गेले. आई रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम घेतला होता. त्या एकेक दाणा मोजून वाहत. वडिलांनी सुचवलं की तोळाभर तांदळात किती दाणे भरतात ते मोजावं, त्यावरून लाखाचं वजन काढावं आणि वर थोडे जास्त घालावेत. आईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारलं. मुलाने सांगितलं की हा गणिताचा प्रश्न नाही. प्रत्येक दाण्याबरोबर नाव आहे, म्हणून तो एकेकच वाहिला पाहिजे. आईंचं समाधान झालं. पुढे हाच मुलगा सूत कातू लागला तेव्हा दाण्याच्या जागी तार आली.

मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीकडे वळले. त्यांना दोन दिशा खुणावत होत्या: हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती. दोन्ही गांधींपाशी मिळाल्या असं त्यांनी पुढे सांगितलं. 7 जून 1916 ला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधींना भेटले. ब्रह्माच्या शोधात निघालेल्या या तरुणाच्या हाती आश्रमाने भाजी चिरायची सुरी दिली, जातं दिलं, झाडू दिला आणि माग दिला.

त्या वेळी आश्रमालाही सुताचं फारसं कळत नव्हतं. 1909 साली ‘हिंद स्वराज’ लिहिलं तोवर चरखा कधी पाहिल्याचं आपल्याला आठवत नाही, असं गांधींनीच आत्मकथेत सांगितलं आहे. आधी माग आले, त्यांवर गिरणीचं सूत चढू लागलं, आणि हाताने कातणारं माणूस शोधायला वेळ लागला. गंगाबेन मजमुदारांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला माळ्यांवर पडलेले चरखे शोधून काढले, तेव्हा कुठे कताई सुरू झाली. विनोबा विणायला शिकले ते या काळात. नवार विणण्यासारखं रटाळ काम त्यांनी तासन्‌तास केलं. मधल्या एका वर्षात ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शांकरभाष्य वाचायला गेले आणि ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले. भाष्य आणि धोटा हे त्यांना परस्परविरोधी कधी वाटलेच नाहीत.

पुढची कहाणी वर्ध्याची आहे आणि ती टकळीभोवती फिरते. चरखा वेगवान, पण टकळी खिशात मावते, जवळपास फुकट होते, तुरुंगात आणि आगगाडीत चालते. विनोबांनी तिच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. दोन्ही हातांनी कातायचा सराव केला, बैठक बदलून पाहिली, गतीची आणि सुताच्या अंकाची टिपणं ठेवली. मांडीवर काडी फिरवायची तर किती वेग येतो, चिमटीने फिरवायची तर किती, हे त्यांनी प्रयोगशाळेच्या शिस्तीने तपासलं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. दिवसभर कातून कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यातच जगायचं असा नेम धरला. मजुरी किती अपुरी आहे हे त्यांच्या स्वतःच्या पोटाने ठरवलं. 1935 च्या सुमारास चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचं धोरण घेतलं, त्यामागे अशा प्रयोगांचं बळ होतं.

ऑक्टोबर 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधींनी विनोबांना निवडलं. देशातल्या बहुसंख्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांची ओळख करून देताना गांधींनी ‘हरिजन’मध्ये जे लिहिलं त्यात संस्कृत विद्वत्तेबरोबर टकळीचा खास उल्लेख आहे. टकळीच्या कताईत यांनी क्रांती केली, आणि निर्दोष कताईत देशभरात बहुधा यांच्या तोडीचा कोणी नाही, असा त्याचा आशय. राजकीय लढ्याच्या पहिल्या शिपायाची ओळख त्याच्या सुताच्या एकसारखेपणावरून करून द्यावी, हे त्या काळाचंच एक नवल.

या सुतात अध्यात्म कुठे आहे, याचं उत्तर धुळ्याच्या तुरुंगात मिळतं. 1932 मध्ये विनोबांनी तिथे कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. चौथ्या-पाचव्या अध्यायांवर बोलताना त्यांनी कर्म, विकर्म आणि अकर्म हे तीन शब्द उलगडले. हात करतात ते कर्म. त्यात चित्त ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही जुळली की कर्माचा भार नाहीसा होतो आणि करून न केल्यासारखी अवस्था येते, ते अकर्म. टकळीवर बसलेल्या माणसाला हे ग्रंथातून शिकायची गरज पडत नाही. मन दुसरीकडे गेलं की तार तिथल्या तिथे तुटते आणि चुकीची खूण बोटांना लागते. समत्व हा गीतेतला मोठा शब्द टकळीवर फार छोटा होऊन येतो: जाडी सारखी आहे की नाही.

आणि इथेच जानव्याच्या धाग्याचा निकाल लागतो. गिरण्यांनी कताई मोडून काढल्यावर ब्राह्मण घरांत टकळी टिकली होती ती बहुतेक जानव्यापुरती. विनोबांनी आणि गांधींच्या आश्रमांनी तीच टकळी शाळेतल्या मुलाच्या, दलित वस्तीतल्या बाईच्या, कैद्याच्या हातात दिली. साधन तेच, एकाग्रताही तीच, फक्त गळ्यात घालायचं सूत सगळ्यांच्या अंगावरच्या कापडाचं सूत झालं. गांधींच्या निधनानंतर विनोबांनी सूतांजली सुरू केली: दर 12 फेब्रुवारीला, अस्थिविसर्जनाच्या दिवशी, प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची. जुन्या मापाने गुंडी म्हणजे 640 तार आणि एक तार चार फुटांची. एकूण अडीच हजार फुटांहून अधिक सूत. पैशाने देता येणार नाही अशी ही वर्गणी होती. श्रीमंताला आणि मजुराला एकसारखेच तास बसावं लागे.

कुलाबा जिल्ह्याने सुताच्या जगाला आणखी एक माणूस दिला, आणि तो अगदी वेगळ्या वाटेने गेला. चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म 1936 चा, नागावचा. चौलच्या मागांचा प्रदेश तिथून हाकेच्या अंतरावर. जे. जे. स्कूलमधून बाहेर पडल्यावर 1961 मध्ये ते विणकर सेवा केंद्रात लागले. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सरकारी केंद्रांचं काम हातमागाच्या विणकरांना नवी संकल्पचित्रं पुरवण्याचं होतं. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत तिथे नोकरीला होते. बरव्यांची नेमणूक झाली काशीला, कबिराच्याच गावी. दिवसा विणकरांसाठी नक्षी, उरल्या वेळात घाट, गल्ल्या आणि तंत्रमार्गाची यंत्रं. त्या वर्षांतल्या त्यांच्या चित्रांत त्रिकोण, बिंदू आणि चिन्हं उतरली. मुंबईला परतल्यावर पुढे तंत्राची उघड चिन्हं गळाली. पान, घड्याळ, किल्ली अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात वजन हरवल्यासारख्या राहू लागल्या. केंद्रातली नोकरी त्यांनी वीस वर्षांच्या आसपास केली. 1990 मध्ये मौजेने काढलेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये ते रिकाम्या जागेचा जो विचार करतात, तो वाचताना मागावरच्या बाण्याची वाट पाहणारा ताणा आठवल्यावाचून राहत नाही. बरवे विणकर नव्हते. पण सुताच्या सहवासात एवढी वर्षं काढलेला हा चित्रकार आपल्या समीक्षेने केवळ कॅनव्हासपुरता पाहिला, ही उणीव आहे.

मुंबईतल्या दोघींनी त्याच सुमाराला धाग्यालाच कलाकृती केलं. मोनिका कोरिया सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. 1962 मध्ये अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे त्या विणकाम शिकल्या. मागाची फणी ताण्याचे धागे आपापल्या जागी बंदिस्त ठेवते. कोरियांनी विणताना मध्येच ती काढून टाकायला सुरुवात केली. मग ताण्याचे धागे सरळ राहत नाहीत. ते कलतात, एकमेकांकडे झुकतात, दूर होतात, आणि विणणाऱ्याला आपली हुकमत सोडून त्यांच्या मागे जावं लागतं. जन्मभर जपलेली शिस्त एका टप्प्यावर स्वतःच सैल करायची, हे कोणत्याही साधनेत सगळ्यात अवघड असतं. तसं केल्याचा पुरावा इथे डोळ्यांनी दिसतो.

मुंबईत 1949 साली जन्मलेल्या आणि बडोद्यात सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेल्या मृणालिनी मुखर्जींनी तर मागच सोडला. रंगवलेल्या सुतळीच्या गाठी मारत, आधी रेखाटन न करता, त्यांनी माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या. नावं ‘देवी’, ‘यक्षी’, ‘वनश्री’. त्या कोणत्याही देवळातल्या नाहीत आणि आपली पवित्रतेची कल्पना एका विशिष्ट संस्कृतीला बांधलेली नाही हे मुखर्जी सांगत. तरी त्या मूर्तींसमोर उभं राहिल्यावर गाभाऱ्यातल्या अंधाराचा दबाव जाणवतो. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने लागत. त्या 2015 मध्ये गेल्या आणि 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

संग्रहालयांनी या गाठींना जागा दिली हे उत्तमच झालं. पण गाठी, वेढे आणि पीळ यांतून काही शोधण्याची रीत त्यांच्याआधी कित्येक शतकं माजघरांत चालू होती आणि तिची एकही वस्तू कुठल्या काचेमागे नाही. असायचीच नाही, कारण लाखवात जळते आणि जानवं पाण्यात जातं. वस्तू टिकवणं हा त्या कामाचा हेतूच नव्हता. म्हणूनच पद्धत टिकवण्याची जबाबदारी वाढते.

आज श्रीवर्धनच्या बाजारात वातींची पाकिटं मिळतात आणि तयार जानवीही मिळतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. नारळी-पोफळींचे पंचनामे झाले आणि रोपंही पुन्हा लागली. परसातली देवकापशी कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. गावात बाळाजी विश्वनाथांचं स्मारक आहे, सुपारी संशोधन केंद्र आहे, शाळा-महाविद्यालयं आहेत. त्यातल्या एखाद्याने मनावर घेतलं तर ही पद्धत नोंदवण्याचं काम फार खर्चाचं नाही. टकळीच्या चकतीचं वजन किती, कापूस कोणत्या झाडाचा, बोटांना लावायची राख कशाची, लाखाचा हिशेब कसा ठेवत, मोजताना तोंडी कोणतं नाव असे आणि वळणारीचं स्वतःचं नाव काय, एवढं लिहून घ्यायला एका घरात एक दुपार पुरते. ज्यांना हे सगळं हाताने येतं त्या बहुतेक जणी आता ऐंशीच्या पुढे आहेत.